काटोलच्या वाटेवर संत्र्याची बाग उभी करताना

नागपुरातून शेतीत पैसा घालायला निघालेला माणूस बहुधा दिवाळीनंतर जमीन बघायला जातो. हवा गार असते, अंबियाचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या बहाराचा, तोडा चालू असतो, काटोल रोडच्या दोन्ही बाजूंना बागा केशरी दिसतात आणि विहिरी वरपर्यंत भरलेल्या असतात. अशा दिवसांत कुठलंही वावर चांगलंच दिसतं. आम्ही जमीन एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात बघतो. त्या उन्हात विहिरीचा तळ दिसतो, शेजारच्या बागेची पानं बोलतात आणि विकणाराही भाव जरा जपून सांगतो.

पाच एकरांची बाग शून्यापासून उभी करताना कामं ज्या क्रमानं येतात, त्याच क्रमानं पुढे लिहिलं आहे. पहिलं फळ पाचव्या-सहाव्या वर्षी, बाग भरात यायला सात-आठ वर्षं. एवढ्या काळात जे बिघडतं त्यातलं बरंचसं कलम जमिनीत जाण्याआधीच बिघडलेलं असतं. म्हणून आधीच्या भागालाच इथे जास्त जागा दिली आहे.

आधी दिशा. नागपूर जिल्ह्यात मौदा, कुही, रामटेक हा धानाचा पट्टा, भिवापूर मिरचीचं. संत्र्याची जमीन पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडे, आणि ती तशीच पुढे अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीला जाऊन मिळते. धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं म्हणूनच तिथे धान होतो. त्या जमिनीत संत्रा लावणं म्हणजे झाडाला पावसाळाभर डबक्यात उभं करणं. पूर्वेकडे एकरी भाव कमी आहे म्हणून तिकडे बाग लावायची कल्पना दरवर्षी कुणाला ना कुणाला सुचते.

कागद

शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भासाठीचा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५८ चा आहे आणि बिगरशेतकऱ्याला हस्तांतर करायला तो मनाई करतो. स्वतःच्या किंवा वडिलोपार्जित नावाचा सातबारा, आठ-अ नसेल तर इसार देण्याआधी हा प्रश्न सोडवा, नंतर नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन वारशानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. भावाच्या नावावर घेऊन पैसे आपण घालायचे, हा मार्ग कुटुंबाच्या पुढच्या वाटणीपर्यंत बिनबोभाट चालतो.

सातबाऱ्यावर पहिली नजर भूधारणेवर. वर्ग १ असेल तर पुढे वाचा. वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते आणि त्यात महिने जातात. मूळ मालक आदिवासी असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ येतं, म्हणजे बिगरआदिवासीला विकण्यावर बंधन. मागचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढून वाचल्याशिवाय हे कळत नाही, कारण आजचा सातबारा फक्त शेवटचं नाव दाखवतो. निदान तीस वर्षांचे फेरफार काढा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतो, पण वारसांपैकी बहिणींची नावं लागली आहेत का, हे फेरफारातच कळतं. सौदा झाल्यावर उभे राहणारे दावे बहुतेक तिथलेच.

विदर्भात आणखी दोन कागद बघायचे असतात, जे पुण्याकडचे वकील विचारत नाहीत: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाच्या वहिवाटीचे रस्ते, पाणवठे, चराई त्यात लिहिलेली असते. आणि गटाची नोंद कुठेही ‘झुडपी जंगल’ अशी आहे का, ते पटवाऱ्याकडून खात्री करून घ्या. मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच धरलं आहे. अशा जमिनीवर उभी बाग असली तरी तिच्यात पैसा घालू नये.

रस्ता. पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, नकाशात आहे का, आणि पावसाळ्यात तिच्यातून काय जातं? मृगाचं, म्हणजे जून-जुलैत फुलणाऱ्या दुसऱ्या बहाराचं, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं, तेव्हा पांदण कोरडी असते. पण खत, फवारणीचा टँकर आणि मजूर जुलै-ऑगस्टमध्येच आत न्यावे लागतात. कागदावर रस्ता नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे धुऱ्यावरून (बांधावरून) रस्ता मागता येतो. असलेला रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ आहे. दोन्ही मार्ग खरे आहेत, दोन्ही सावकाश आहेत. जमिनीची सरकारी मोजणी करून क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देत नाही, हा आमचा नियम. विहीर सामाईक असेल तर तुमच्या हिश्श्याचे आणे सातबाऱ्यावर हवेत, तोंडी पाळी चालत नाही.

ठेक्यानं जमीन घेऊन संत्रा लावावा का, असं बरेच जण विचारतात. कुळाच्या हक्काच्या धास्तीनं मालक जास्त मुदतीचा करार लिहून देत नाहीत, अकरा महिन्यांच्या कागदावर गाडी चालते. ज्या झाडाला फळ यायलाच पाच वर्षं लागतात त्याला अकरा महिन्यांचा कागद काय कामाचा? ठेक्यावर मिरची घ्या, हरभरा घ्या. गुंठ्यांचे प्लॉट पाडून ‘झाडं आम्ही सांभाळतो, तुम्हाला वर्षाला ठरलेला परतावा’ म्हणणाऱ्या योजनाही येतात. अनेकांचे पैसे एकत्र करून परताव्याचं वचन देणं हे सेबीच्या १९९९ च्या सामूहिक गुंतवणूक नियमांत बसतं. नोंदणी दाखवा म्हटलं की बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच थांबतं. नव्वदच्या दशकात सागवानाच्या नावावर असंच झालं होतं, तेव्हाची प्रमाणपत्रं अजून काही घरांच्या कपाटात आहेत.

खड्डा

सौदा ठरण्याआधी मालकाची परवानगी घेऊन एकरी एक खड्डा काढतो: तीन फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट खोल. जिथे जमीन काळीभोर दिसते तिथे दोन. जेसीबीनं काम लवकर होतं, पण बादलीनं भिंत लिंपली जाते आणि थर दिसत नाहीत, म्हणून एक बाजू कुदळीनं खरवडून घ्यायची.

आत उतरून बघायचं ते असं. वर दोन ते तीन फूट मध्यम काळी माती आणि खाली हातानं चुरणारा मुरूम असेल तर ती संत्र्याची जमीन. चार फुटांपर्यंत नुसती काळी चिकण माती, तिच्या ढेकळांना तिरप्या गुळगुळीत चकचकीत कडा, तर पाणी खाली जाणार नाही. कापसाला ती जमीन उत्तम, विकणारा ‘भारी जमीन आहे साहेब’ म्हणून तिचाच जास्त भाव सांगतो. दीड-दोन फुटांवर पांढरे खडे, पिठासारखा थर दिसला तर ती चुनखडी. दुकानातलं पातळ आम्ल थेंबभर टाकायचं. नुसती फसफस झाली तर चुना आहे. बुडबुडे उसळून आवाज आला तर जास्त आहे. आकडा प्रयोगशाळेतूनच घ्यायचा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत हवा, सामू (पीएच) साडेसहा ते आठच्या दरम्यान. नमुना वरच्या फूटभराचा एक, दुसऱ्या फुटाचा एक, तिसऱ्याचा एक, असे वेगवेगळे द्यायचे. सगळे मिसळून दिले तर वरची चांगली माती खालचा चुना झाकते. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत माती आणि पान दोन्ही तपासून मिळतात.

चुन्याच्या जमिनीत पहिली दोन वर्षं काही कळत नाही. मुळं चुन्यापर्यंत पोचली की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह जमिनीत असतं, पण झाडाला मिळत नाही. फेरस सल्फेट फवारलं की महिनाभर बाग हिरवी होते आणि पुन्हा पिवळी. अशा बागेचा फवारणीचा खर्च आयुष्यभर संपत नाही.

शेवटची चाचणी फुकट आहे. संध्याकाळी खड्डा पाण्यानं भरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. चोवीस तासांनी आत पाणी उभं असेल तर एक तर चर आणि उंच गादीवाफ्यांचा खर्च हिशेबात धरा, नाहीतर दुसरी जमीन बघा.

जुनी संत्र्याची बाग काढून रिकामी केलेली जमीन स्वस्तात मिळते. तिथे फायटोप्थोराची बुरशी मातीतच मुक्कामाला असते. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षं ज्वारी, गहू, सोयाबीन घेतल्याशिवाय नवं कलम लावत नाही.

पाणी

वरुड-मोर्शीकडे लोक ‘ड्राय झोन’ हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात. भूजलाचा उपसा पावसानं होणाऱ्या भरणीच्या पुढे गेला की काय होतं ते तिथल्या वाळलेल्या बागांनी दाखवलं आहे. काटोल-नरखेडच्या काही भागांची वाट तीच आहे. म्हणून बोअर किती फूट खोल, यापेक्षा मे महिन्यात तासाला किती पाणी देतो, हे विचारायचं, आणि विचारून न थांबता मोजायचं.

दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवायचा, मोबाइलमध्ये वेळ लावायची. पंप सुरू केल्या केल्या मोजू नका, दोन तास सलग चालल्यावर मोजा. समजा ड्रम दोन मिनिटांत भरला, तर तासाला ६,००० लिटर. दिवसाच्या आठ तासांच्या विजेत ४८,००० लिटर. आता मागणी बघा. वीस बाय वीस फुटांवर एकरी १०८ ते १०९ झाडं बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला मेच्या उन्हात दिवसाला दीडशे लिटर धरा. पाच एकरांची ५४५ झाडं, रोजचे सुमारे ८२,००० लिटर. म्हणजे जो बोअर बघायला जोरदार वाटला तो पाच एकरांना अर्ध्याच्या थोडा वर पुरतो. इथे तीन वाटा आहेत: तीन एकर लावा, शेततळं खोदा, किंवा अंबिया सोडून मृग धरायचं आधीच ठरवा. चौथी वाट म्हणून आणखी एक बोअर मारण्याचा सल्ला मिळेल. तो त्याच खडकातलं तेच पाणी ओढतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेताच येत नाही, हेही लक्षात असू द्या.

सौरपंप घेणार असाल तर आधी पाण्याची पातळी बघा. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात, असं मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेचं गणित जमिनीच्या क्षेत्रावर चालतं. पाणी किती खोल आहे ते त्यात धरलेलं नाही. उथळ विहिरीला तो पंप छान चालतो. खूप खोल बोअरवर दुपारी दोन तास धार येते, बाकी वेळ नुसता घुरघुरतो.

ठिबक झाडाच्या बुंध्याला चिकटून कधीच नको. लहान झाडाला एक लॅटरल (ठिबकची नळी), तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दोन, झाडाच्या दोन्ही बाजूंना. पाटानं ओलीत करायचं असेल तर दुहेरी आळं, म्हणजे बांगडी पद्धत: बुंध्याभोवती मातीची आतली गोल बांधी, बाहेर दुसरी, पाणी दोहोंच्या मध्ये. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतो. पूर्वसंमती येण्याआधी साहित्य विकत घेतलं तर अनुदान अडकतं.

कलम

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढायचे, अडीच फूट लांब-रुंद-खोल, आणि महिनाभर उन्हात तापू द्यायचे. भरताना वरची माती, २० किलो कुजलेलं शेणखत, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट, किलोभर निंबोळी ढेप, आणि शेणखतात आठ दिवस मुरवलेलं ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. न कुजलेलं शेणखत टाकलं की वाळवी आणि हुमणी आलीच. खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं उंच भरायचा, पहिल्या दोन पावसांत तो बसतो. बसला नाही तर कलम वाटीत बसतं आणि पाणी त्याच्या मानेला लागतं.

कलमात फसगत सर्वांत जास्त होते, आणि ती पाच वर्षांनी उघडी पडते. बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. डोळा, म्हणजे खुंटावर बसवलेली संत्र्याची कळी, जमिनीपासून २५ सेंटिमीटर म्हणजे साधारण वीतभरापेक्षा जास्त उंचीवर भरलेला हवा. खाली भरला असेल तर पावसाच्या उडत्या मातीतून बुरशी सरळ संत्र्याच्या सालीवर जाते. खुंट, म्हणजे खालचं मुळांचं झाड, कुठला, ते विचारा. जंबेरी सर्वत्र चालते, वाढ जोमानं होते. रंगपूर लाईम पाण्याचा ताण आणि थोडा चुना जास्त सहन करतो, म्हणून हलक्या आणि चुनखडीकडे झुकणाऱ्या जमिनीत आम्ही तोच मागतो. नर्सरीवाल्याला दोहोंतला फरक पानावरून दाखवता आला पाहिजे. त्याला ते जमत नसेल तर दुसरीकडे चला.

जमिनीवर वाढवून उपटलेली कलमं पिशवीतल्यापेक्षा स्वस्त. पण उपटताना सोटमूळ तुटतं आणि नर्सरीच्या ओल्या मातीतली बुरशी मुळांना चिकटून तुमच्या वावरात येते. मुळं धुऊन बघा. बारीक मुळांची साल बोटांनी ओढली की मोज्यासारखी निघून येत असेल आणि आत नुसता दोरा उरत असेल, तर ती मूळकूज. गाडीतली दहा कलमं कुठूनही काढून ही परीक्षा करायची. तीन कलमांची साल निघाली तर गाडी परत. ‘शेतात लावल्यावर सुधरेल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, त्याची ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा या रोगांसाठी तपासणी झाली का, हेही विचारा. नोंदणीकृत नर्सरीची पावती घ्या, भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या अनुदानालाही ती लागते. त्या योजनेत रक्कम तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के अशी मिळते आणि दुसऱ्या वर्षी ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत असावी लागतात. मेलेल्या झाडांच्या जागी तूट भरण्यासाठी सुरुवातीलाच दहा टक्के कलमं जास्तीची आणून सावलीत ठेवायची.

लागवड जुलैत, जमिनीत ओल पोचल्यावर, सततच्या पावसाची झड उघडली की. डोळ्याचा जोड जमिनीच्या वरच राहील असं लावायचं, माती पायानं हलकी दाबायची, काठी बांधायची. जोडावरची प्लास्टिकची पट्टी काढायला विसरतात. ती राहिली तर वर्षभरात खोडाला गळफास बसतो.

पहिली पाच वर्षं

या काळात पैसा फक्त जातो. दोन ओळींमधली जागा कमाई करू शकते, पण तिथे काय घ्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. कापूस नको, तो पाणी आणि अन्न दोन्ही खातो. वांगी, टमाटर, मिरची नको, त्यांच्यावरची बुरशी आणि सूत्रकृमी शेजारीच पाहुणे येतात. सोयाबीन, मूग, भुईमूग, रब्बीत हरभरा ठीक. झाडापासून तीन-चार फूट सोडून पेरायचं. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, अर्ध्या बटईनं (अर्ध्या वाट्यानं) आंतरपीक दिलं तर तो झाडाजवळपर्यंत डवरतो (कोळपतो), मुळं तुटतात. आंतरपीक स्वतःच्या खर्चानं घेतलेलं बरं. सालदाराचा करार आपल्याकडे गुढीपाडव्याला होतो, म्हणून नव्या बागेचा माणूस मार्चमध्येच ठरवा, जूनमध्ये चांगला माणूस मोकळा सापडत नाही.

जोडाच्या खालून फुटणारे फुटवे दर पंधरा दिवसांनी बोटानं मोडायचे. ते खुंटाचे असतात, संत्र्यापेक्षा जोमदार वाढतात आणि दुर्लक्ष झालं तर दोन वर्षांत वरचं संत्र्याचं झाड मागे पडून जंबेरीच उरते. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत एकच खोड ठेवायचं. नवती (नवी पालवी) आली की नागअळी आणि सिला बघायची. सिला म्हणजे ग्रीनिंग रोग पसरवणारी कीड, तिला सोडून चालत नाही. आणि काटोल-नरखेडकडे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर हे खर्चाचे स्वतंत्र मुद्दे आहेत. एका रात्रीत रोह्यांचा कळप शंभर कलमांचे शेंडे खाऊन जातो. कुंपण लागवडीआधी, नंतर नाही.

दरवर्षी ई-पीक पाहणीत फळबाग नोंदवायची. सातबाऱ्यावर झाडं आली नाहीत तर विमा, नुकसानभरपाई, कर्ज सगळीकडे तुमची बाग म्हणजे पडीत जमीन. हवामान आधारित फळपीक विम्यात मृग आणि अंबियाचे अर्ज वेगळे असतात आणि भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. तुमच्या वावरात गारपीट झाली याला एरवी फार अर्थ राहत नाही, ती लगेच वेगळी कळवावी लागते.

डिंक्या आणि बोर्डो

एवढं सगळं नीट करूनही झाड मरतं ते बहुतेक डिंक्यानं. खोडातून तांबूस डिंक झरतो, साल उभी फाटते, पानं निस्तेज होतात. प्रतिबंधाला वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर, खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावायचं. प्रमाण एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी.

हे मलम मजुरावर सोडून दिलं की हमखास बिघडतं. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात रात्रीच भिजत घालायचं, लोखंडी टोपल्यात कधीच नाही. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यानं विरवायचा. तो उकळतो, शांत होऊ द्यायचा, मग पाणी वाढवून पाच लिटर करायचा आणि गाळून घ्यायचा. गरम चुन्यात मोरचूद ओतलं की निळा रंग काळपट होतो आणि मलम फुटतं. दोन्ही थंड झाल्यावर तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी बारीक धारेनं ओतत काठीनं ढवळायचं. आकाशी निळा रंग आला की घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर आत बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, अजून चुना घाला. नाहीतर तेच तांबं साल जाळतं. त्याच दिवशी वापरायचं. उरलं तर उद्यासाठी ठेवायचं नाही, शिळ्या मलमाला बुरशी भीत नाही.

डिंक दिसलाच तर धारदार चाकूनं कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडायची, जखमेला मलम लावायचं आणि मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब किंवा फोसेटिल हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन झाडाच्या घेराखाली जिरवायचं. खरवडलेली साल आळ्यात टाकून देणारे मजूर सगळीकडे आहेत. ती जमा करून जाळायची.

बहार आणि सौदा

सहाव्या वर्षापासून एकच बहार धरायचा. दोन्ही बहार अर्धे अर्धे घेणारं झाड चार-पाच वर्षांत सल धरतं, म्हणजे त्याच्या फांद्या वाळू लागतात. अंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ पूर्ण उन्हाळा झाडावर, तोडा ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगाची फुलं जून-जुलैत, तोडा फेब्रुवारी-मार्चला. उन्हाळ्यात पाणी असेल तर अंबिया, नसेल तर मृग, यात तिसरा विचार नाही. अंबियासाठी ताण द्यायचा तो डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून: हलक्या जमिनीला महिनाभर, भारीला दीड ते दोन महिने. भारी जमिनीत ताण नीट बसत नाही आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर फुलांऐवजी नवती फुटते. तेव्हा सायकोसेल लिटरला दोन मिली फवारून वाढ रोखतात, त्यानं बहार वाचतो, पण प्रत्येक वेळी वाचेलच असं नाही. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं, एकदम भरपूर दिलं तर फुलं गळतात.

अंबियाची खरी परीक्षा जुलै ते सप्टेंबर. झड लागली, मुळांशी पाणी साचलं की फळ गळायला लागतं. फवारणीत जिबरेलिक आम्ल दीड ग्रॅम आणि युरिया एक किलो, शंभर लिटर पाण्याला. जिबरेलिक आम्ल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, सरळ पाण्यात टाकलं तर ड्रमच्या तळाशी बसतं. पण चर बुजलेले असतील तर फवारणीचा पैसा वाया. आधी फावडं, मग पंप. गळलेली फळं झाडाखाली पडू देऊ नका, फळमाशी आणि बुरशी तिथूनच परत चढतात.

आता पैशाचं गणित, मानून चाललेल्या आकड्यांवर. ५४५ झाडांतली ४९० जगली, आठव्या वर्षी झाडाला सरासरी ४० किलो, म्हणजे १९.६ टन. किलोला २५ रुपये मिळाले तर ४ लाख ९० हजार, १५ मिळाले तर २ लाख ९४ हजार. झाडं तीच, मेहनत तीच. आणि भाव पडायला काटोलमध्ये काही घडावं लागत नाही. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक, त्यानं आयात शुल्क वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ रुपयांपर्यंत नेलं आणि इकडे नागपूरच्या कळमना बाजारात माल तुंबला. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण लिलावात ते कुणी विचारत नाही. तिथे आकार आणि रंग बघतात आणि बारीक माल चुरी म्हणून बाजूला पडतो. म्हणून कमी भावाचा आकडा धरूनही सालदार, फवारणी, खत आणि वीज निघत असेल, तरच पुढे जा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं. पण पगार किंवा धंद्याचं उत्पन्न असेल तर कराचा दर ठरवताना ते मिळवून धरतात.

विक्री दोन तऱ्हांनी होते: बाग उभ्यानं व्यापाऱ्याला द्यायची, किंवा तोडून कळमन्यात टनावर विकायची. उभ्या बागेच्या सौद्यात व्यापारी इसार देऊन जातो आणि भाव पडला की तोडा लांबवतो. फळ झाडावर पोकळ होतं, साल सुटते आणि मग तोच माणूस दर तोडून मागतो. सौदाचिठ्ठीत तोड्याची शेवटची तारीख, दर हजार फळांमागे किती फळं जादा द्यायची आणि गाडी हलण्याआधी पूर्ण रक्कम, हे तिन्ही लिहून घ्यायचं. कळमन्यात न्यायचं तर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, देठ कात्रीनं कापून. ओढून तोडलेल्या फळाचा देठाकडचा भाग फाटतो आणि तिथूनच ते दोन दिवसांत सडतं. गाडीचं वजन निघण्याआधी धरमकाट्यावर करून पावती खिशात ठेवा.

तोडा संपला की आठ दिवसांच्या आत वाळलेल्या फांद्यांची सल काढायची, हिरव्या भागात दोन सेंटिमीटर आत जाऊन कापायचं आणि कापाला मलम लावायचं. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची. मग पूर्ण वाढलेल्या झाडाला ५० किलो शेणखत आणि साडेसात किलो ढेप देऊन पुढच्या बहाराची तयारी सुरू.